पदस्वीकार

कांहीं माणसांचें सारें आयुष्य लोक एका होकारावरून मोजतात. त्यापूर्वीं त्यांनीं काय केलें व त्यानंतर काय केलें, ह्याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे हे अशा माणसांपैकीं एक होत. वऱ्हाडांतून येऊन ते नागपूरच्या कायदेकौन्सिलाचे अध्यक्ष झाले, व पुढें १९२९ सालीं मध्यप्रांताच्या गव्हर्नराची जागा त्यांनीं हंगामी म्हणून सांभाळली. असें असतां त्यांचें नांव आज नागपुरांतील सुशिक्षित घरांतूनहि क्वचितच निघतें. आणि निघालेंच तर १९२५ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं स्वीकारलेल्या एका सरकारी पदासंबंधानेंच निघतें.

त्या पदस्वीकाराचें मर्म कळण्यास थोडें मागें जावयास हवें. १९१९ च्या कायद्यानें प्रांतांत द्विदल राज्यपद्धति आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशीं ‘सोपीव’ खातीं कौन्सिलास जबाबदार असणाऱ्या मंत्र्यांकडे गेलीं. पोलीस, तुरुंग, जमीनमहसूल हीं ‘राखीव’ खातीं गव्हर्नर व त्याचें कार्यकारी मंडळ ह्यांच्या मुठींत राहिलीं. वऱ्हाडाची गोष्ट तर आणखीच विलक्षण होती. तो मुलूख कायद्याच्या दृष्टीनें निजामाचा. म्हणून तेथील लोकांनीं निवडून दिलेल्या प्रतिनिधींची सरकार पुन्हां रीतसर नेमणूक करी, व मगच ते नागपूरच्या सभागृहांत बसत. लोकांचें मत आणि सरकारचा शिक्का ह्या दोहोंची अशी गांठ वऱ्हाडी प्रतिनिधींच्या कपाळीं पहिल्यापासूनच मारलेली होती.

देशबंधु दास व पंडित मोतीलाल नेहरू यांच्या स्वराज्यपक्षानें हें यंत्र आंत शिरून बंद पाडण्याचें ठरविलें. १९२३ च्या अखेरीस झालेल्या निवडणुकींत त्या पक्षास आमच्या मध्यप्रांतांत निर्भेळ बहुमत मिळालें. मग काय विचारतां! १९२४ सालीं कौन्सिलानें मंत्र्यांवर अविश्वास दाखविला, अंदाजपत्रक फेटाळलें, आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला २ रुपये ठरविला. मंत्री गेले. परंतु मंत्री गेले म्हणून सरकार गेलें नाहीं. सोपीव खातींहि गव्हर्नरानें आपल्याकडे घेतलीं. शाळा, दवाखाने व म्युनिसिपालिट्या ह्यांचा कारभार पुन्हां गोऱ्या साहेबाच्या सहीनें चालूं लागला. नकाराचा एवढा संपूर्ण विजय हिंदुस्थानांत फार थोड्या ठिकाणीं झाला असेल. आणि विजयानंतर पुढें काय, हा प्रश्नहि इतक्या लवकर दुसरीकडे फारसा उभा राहिला नसेल.

तांबे हे ह्याच पक्षाचे. १९२५ च्या मार्चमध्यें ते कौन्सिलाचे अध्यक्ष निवडले गेले. त्याच वर्षीं सर मोरोपंत जोशी, हेहि अमरावतीचेच वकील, यांची होम मेंबरची मुदत संपली, व गव्हर्नर सर माँटेग्यू बटलर यांनीं ती जागा तांब्यांस देऊं केली. सरकारच्या हातचें पद घ्यावयाचें नाहीं, ही पक्षाची प्रतिज्ञा. तांब्यांनीं पक्षाची संमति न घेतां होकार दिला.

वादळ उठलें तें नागपुरापुरतें राहिलें नाहीं. मोतीलालजींनीं पक्षाचा रोगट अवयव कापून काढण्याची भाषा केली. उलट न. चिं. केळकर व बॅ. जयकर यांनीं विचारलें कीं, त्याच वर्षाच्या ऑगस्टांत विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती असेंब्लीचे अध्यक्ष झाले तें चालतें, मग तांबेच तेवढे अपराधी कसे? दोघेहि पक्षाच्या कार्यकारी मंडळांतून बाहेर पडले, आणि १९२६ च्या फेब्रुवारींत अकोल्यास प्रतियोगी सहकारितेचा निराळा पक्ष निघाला. एका वकिलाच्या होकारानें एक अखिल भारतीय पक्ष दुभंगला.

केळकर-जयकरांच्या प्रश्नास उत्तर आहे, असें आम्हांस वाटतें. विठ्ठलभाईंस सभासदांनीं निवडलें होतें. तांब्यांस गव्हर्नरानें नेमविलें. अध्यक्षाच्या खुर्चीवर सभागृहाचा हक्क चालतो. राखीव खात्याच्या खुर्चीवर तो मुळींच चालत नव्हता. परंतु एवढ्यानें मोतीलालजींची बाजू सर्वस्वीं सिद्ध झाली, असेंहि नव्हे. कारण १९३७ च्या जुलैंत काँग्रेसनेंच प्रांतोप्रांतीं अधिकार हातीं घेतला, व नागपुरास डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले. गव्हर्नर तोच, साम्राज्यहि तेंच. पालटलें होतें तें इतकेंच कीं, ह्या वेळीं सर्वांनीं मिळून, उघड चर्चा करून, व निवडून आलेल्या बहुमताच्या बळावर होकार दिला होता. गंमत अशी कीं, ह्या बहुमताच्या मागें जे सुमारें ३ कोटि मतदार उभे होते, त्यांचा मताधिकार वाढविण्याची चौकशी १९३२ सालीं ज्या लोथियन समितीनें केली, तिचे एक सभासद तांबेच होते!

ह्या ठिकाणीं आम्हांस दुसऱ्या एका वऱ्हाडी वकिलाची आठवण होते. यवतमाळचे बापूजी अणे हेहि प्रतियोगी सहकारितेचेच पुरस्कर्ते. १९३० च्या जुलैंत त्यांनीं पुसदजवळ जंगलचा कायदा मोडला व तुरुंग पत्करला; त्याच वर्षाच्या शेवटीं तांबे लंडनास गोलमेज परिषदेंत बसले होते. परंतु अणे यांनींहि १९४१ सालीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांतली जागा घेतलीच. आणि १९४३ च्या फेब्रुवारींत गांधीजींचा उपवास चालूं असतां ती सोडली. म्हणजे पद घेतलें कीं नाहीं, ह्यावरून दोघांत भेद करतां येत नाहीं. कोणत्या गोष्टीसाठीं तें सोडूं, हें ज्यास ठाऊक आहे, त्याच्या होकारास वजन येतें. दार आंत उघडतें तसें बाहेरहि उघडतें, ह्याची आठवण ठेवणारा मनुष्य खुर्चीवर बसला तरी खुर्चीचा होत नाहीं.

हें सारें आम्ही केवळ इतिहासाच्या हौसेनें उकरून काढीत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे एका समितीचें निमंत्रण आलें. ज्या धोरणावर आम्ही दहा वर्षें सभांतून व लेखांतून टीका करीत आलों, तेंच धोरण राबविणारी ही समिति. घरीं मतें दोन झालीं. आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें, बाहेर राहून दहा वर्षें बोललांत, त्यानें एका तरी विद्यार्थ्याचा बोजा हलका झाला काय? मुलाचें म्हणणें, तुमचें नांव घालून ते आपला अहवाल सजवितील. दोघांचेंहि खरें होतें. आणि तांब्यांच्या काळच्या दोन्ही पक्षांचा वाद आमच्या जेवणाच्या पानांवर शब्दशः उतरला होता.

विचारांतीं आम्हांस एवढें दिसलें कीं, तांब्यांच्या होकाराचा खरा दोष त्याच्या एकटेपणांत होता. ज्यांच्या मतांवर ते निवडून आले, ज्यांच्याबरोबर त्यांनीं २ रुपयांचा पगार ठरविणाऱ्या पक्षांत काम केलें, त्यांस त्यांनीं आधीं विचारलें असतें तर कदाचित् नकार मिळाला असता. परंतु मग त्यांच्या पदास कोणाचा तरी आधार, व त्यांच्या पदत्यागास कांहीं तरी अर्थ राहिला असता.

म्हणून उत्तर लिहिण्यापूर्वीं आम्हीं तें निमंत्रणपत्र आमच्या विभागांतील सहकाऱ्यांसमोर वाचून दाखविलें. गरीब विद्यार्थ्यांची फी वाढविण्याची शिफारस झाली तर त्याच दिवशीं समिति सोडूं, असें त्यांच्या देखत कागदावर लिहून दिलें. सहाजणांनीं जावें म्हटलें. सर्वांत तरुण प्राध्यापिका बाईंनीं जाऊं नये म्हटलें, आणि आपला विरोध त्याच कागदावर लिहून ठेवण्याचा आग्रह धरला. तो लिहिला आहे. समितीची पहिली बैठक येत्या महिन्यांत आहे, व तो कागद त्या बाईंच्याच कपाटांत राहणार आहे.