मंडईतली गंमत आणि पाहुणा भजनी

भाऊबीज झाली की आमच्या भिवापूर भागात मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. हलका धान घरात आलेला, भारी उभा, मिरचीचा तोडा अजून व्हायचा. अशा दिवसांत लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरते आणि चौकात खडी गंमत रंगते.

देशावरच्या वाचकांना तमाशा ठाऊक आहे. गंमत ही त्याचीच बहीण, पण हिला ना तंबू ना तिकीट. उभ्याने करायची म्हणून खडी. शाहीर डफ घेऊन पुढे, बाजूला ढोलकी आणि चोनके, मागे सूर धरणारे झिलकरी. गण, गौळण, लावणी आणि मधे सोंगाड्याची बतावणी. नाच्या म्हणजे लुगडे नेसलेला पुरुषच. दिवसभर तो ठुमकणार आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बांधीत धान कापताना दिसणार!

1965 ची मंडई मला चांगली आठवते. पाकिस्तानशी लढाई नुकतीच थांबली होती. समितीने गंमतीच्या मधे एक खंजिरीवाले भजनी बुवा बोलावले. खंजिरी आमच्या मुलखाला नवी नव्हती. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा भाग आधीच जागा केलेला. 16 ऑगस्ट 1942 रोजी चिमूर पेटले, ते आमच्यापासून फार लांब नाही. त्याच साली सरकारने महाराजांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले होते. 1965 च्या लढाईतही ते जवानांना भजने ऐकवायला सीमेवर गेले. त्यामुळे खंजिरीवर थाप पडताच शिट्ट्या मारणारी पोरेही गप्प झाली.

बुवांचा आवाज पहाडी होता. जवानांवर गायिले, मग शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवण सोडायला सांगितले होते, त्यावर गाऊ लागले. तेव्हा बायांच्या घोळक्यातून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "बाप्पा, आमच्या घरी सोमवार रोजचाच हाय!"

कुणाला हसावे कळेना. बुवा थबकले. पण सोंगाड्या हुशार. त्याने पुढे होऊन म्हातारीला हात जोडले आणि बतावणीच रचली: दिल्लीहून साहेब आला आहे, उपाशी माणसाला उपास कसा करावा ते शिकवतो आहे. लोक पोट धरून हसले. बुवाही हसले आणि पुढचे भजन त्यांनी धान पिकवणाऱ्यांवर म्हटले. मला विचाराल तर त्या दिवशीचे सर्वांत चांगले गाणे तेच. म्हातारी बोलली नसती तर ते ऐकायला मिळाले नसते.

शेवटी बुवांना शाल आणि नारळ मिळाला. गंमत पार्टीला ठरलेली बिदागी, रात्रीचा भात आणि वांग्याची भाजी. यात कुणाला काही वावगे वाटले नाही. बुवांचा मान योग्यच होता, पण त्यांना ऐकायला एवढी माणसे धरून ठेवली कोणी? गंमत नसती तर पन्नास डोकीही जमली नसती.

आता नागपूरहून ऑर्केस्ट्रा येतो, मोठे भोंगे लागतात. देशभक्तीची गाणी त्यातही होतात आणि गाणाऱ्यांचा सत्कारही होतो. आमच्या गंमत पार्टीत मात्र चोनके वाजवणारा एकच म्हातारा उरला आहे. यंदा मी समितीत सांगितले, शाली आणायच्या तर दोन आणा, एक पाहुण्याला आणि एक नाच्याला. समितीने "पाहू" म्हटले आहे.