बंदूक खांद्यावर, पत्रक हातात

अमेरिकेत शस्त्रहक्काच्या समर्थनासाठी पदयात्रा निघते, तेव्हा तिच्यात वाटले जाणारे पत्रक बहुधा बेसावध माणसाच्या हातात पडते. तो कॉफी घ्यायला किंवा मुलांना बागेत न्यायला बाहेर पडलेला असतो आणि समोरून पाठीला रायफली लावलेली वीस-पंचवीस माणसे चालत येतात. त्याच्या मनातले प्रश्न ठरलेले असतात: ही माणसे कोण, हे कायदेशीर आहे का, पोलिसांना बोलवावे का. पत्रकाचा आराखडा या तीन प्रश्नांपासून सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक पत्रके अठराव्या शतकापासून सुरू होतात आणि वाचकाचा धीर संपेपर्यंत विसाव्यात पोचत नाहीत.

शस्त्रे घेऊन आपले म्हणणे मांडण्याच्या या प्रकाराला इतिहास आहे. 2 मे 1967 रोजी कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे सुमारे तीस सदस्य बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात गेले आणि त्यांचे नेते बॉबी सील यांनी तेथे निवेदन वाचले. ज्या विधेयकाच्या विरोधात ते गेले होते, त्याला या घटनेने उलट वेग दिला. सार्वजनिक जागी भरलेले शस्त्र बाळगण्यास बंदी करणाऱ्या त्या मलफर्ड कायद्यावर राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी सही केली. निवेदन आज अभ्यासकांना ठाऊक आहे, छायाचित्रे मात्र सर्वांना.

टेक्सासातील 2013-14च्या पदयात्रांचेही असेच झाले. तेथे परवाना असला तरी पिस्तूल झाकून ठेवावे लागे. रायफलीला मात्र परवाना लागत नसे आणि ती उघड नेता येई. पिस्तूल उघड बाळगू द्या, ही मागणी करण्यासाठी म्हणूनच लोक रायफली घेऊन चालत. हा कायद्यातला विनोद पत्रकात दोन ओळींत समजावता आला असता. त्याऐवजी उपाहारगृहांत रायफली घेऊन बसलेल्यांची छायाचित्रे देशभर फिरली. चिपोटले आणि टार्गेट या कंपन्यांनी 2014मध्ये ग्राहकांना शस्त्रे आणू नका अशी विनंती केली. नॅशनल रायफल असोसिएशन या शस्त्रहक्कवादी संघटनेनेही या वागण्यावर नाराजी छापली, मग ती मागे घेतली. मागणी अखेर मान्य झाली: परवान्यावर उघड पिस्तूल 1 जानेवारी 2016पासून, आणि पात्र प्रौढांना परवान्याविनाही 1 सप्टेंबर 2021पासून. ते श्रेय पदयात्रांचे की निवडणुकांतील बहुमताचे, यावर वाद आहे. बहुमताकडे बोट दाखवणे अधिक सयुक्तिक.

पत्रक वाटण्याचा हक्क मात्र शस्त्रहक्कापेक्षा पक्क्या पायावर उभा आहे, आणि आयोजकांना याचीच माहिती कमी असते. 1938च्या लव्हेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मुद्रणस्वातंत्र्यात वर्तमानपत्राइतकेच पत्रकही येते आणि ते वाटण्यासाठी शहराची पूर्वपरवानगी सक्तीची करता येत नाही. पुढच्याच वर्षी श्नायडर खटल्यात रस्त्यावर कचरा होतो हे कारणही फेटाळले गेले: कागद टाकणाऱ्याला दंड करा, वाटणाऱ्याला नको. शाळेच्या कराविरुद्ध निनावी पत्रके वाटल्याबद्दल ओहायोतील एका महिलेला शंभर डॉलर दंड झाला होता. तो 1995मध्ये रद्द झाला आणि निनावी पत्रकालाही संरक्षण मिळाले. 2014मध्ये टेक्सासातील आर्लिंग्टन शहराने चौकात थांबलेल्या वाहनचालकांना पत्रके देण्यावर निर्बंध आणले, तेव्हा राज्यघटनेच्या खिशात मावणाऱ्या प्रती वाटणाऱ्या ओपन कॅरी टॅरंट काउंटी या गटाने संघीय न्यायालयातून त्यावर मनाई मिळवली. पदपथ अडवणे, दुकानाच्या खासगी आवारात शिरणे, नको म्हणणाऱ्याच्या मागे लागणे यांना हे संरक्षण नाही.

आता मजकूर. भारतीय वाचकांचा, आणि बऱ्याच अमेरिकनांचाही, समज असा की तिकडे बंदुकीचा एकच कायदा आहे. प्रत्यक्षात तो संघराज्य, राज्य आणि काही ठिकाणी शहर अशा थरांत आहे. 1791ची दुसरी घटनादुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा वैयक्तिक हक्क देते हे सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात 2008 साली, तेही पाचास चार मतांनी ठरवले; 2010च्या मॅक्डोनल्ड निकालाने तो हक्क राज्यांवर बंधनकारक झाला; 2022च्या ब्रुएन निकालाने तो घराबाहेर नेला. पत्रके येथे थांबतात. पण हेलर निकालातच हा हक्क अमर्याद नसल्याचे लिहिले आहे, आणि कौटुंबिक हिंसाचाराबद्दल न्यायालयीन मनाई असलेल्याला शस्त्रबंदी करणारा कायदा 2024च्या रहिमी निकालात आठास एक मतांनी टिकला. हक्क सांगून मर्यादा गाळणारे पत्रक शिक्षणाचे नव्हे, प्रचाराचे असते. टेक्सासच्या पत्रकात निदान हे हवे: लोक घाबरतील अशा बेताने सार्वजनिक जागी शस्त्र दाखवणे गुन्हा आहे, शाळेच्या हजार फुटांच्या परिसराला वेगळा संघीय कायदा लागू होतो, आणि दुकानदार कायद्याने ठरवलेला फलक लावून पिस्तूलधाऱ्याला मज्जाव करू शकतो. तो फलक इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, निदान एक इंच उंचीच्या अक्षरांत असावा लागतो. पत्रक फक्त इंग्रजीत छापणाऱ्यांनी कायद्याकडून एवढे तरी शिकायला हरकत नाही.

एक बाब तिकडच्या मराठी मंडळींच्या उपयोगाची आहे. एच-वन-बीसारख्या बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना, शिकारीचा वैध परवाना यांसारखे ठरावीक अपवाद सोडता, बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याची बंदी आहे. मित्राची रायफल फोटोपुरती खांद्यावर घेणेही अंगाशी येऊ शकते. पत्रके वाटायला आडकाठी नाही.

सर्वांत जास्त खोट आकड्यांत असते. बंदुकीने स्वसंरक्षण केल्याच्या घटना वर्षाला 25 लाख, हा आकडा अशा जवळजवळ प्रत्येक पत्रकावर असतो. तो क्लेक आणि गर्ट्झ या संशोधकांच्या 1995मध्ये प्रसिद्ध झालेल्या दूरध्वनी पाहणीतून आला. पाहणीत सुमारे 5 हजार प्रौढ होते. त्यांतील साधारण 1.3 टक्के लोकांनी गेल्या वर्षात असा प्रसंग घडल्याचे सांगितले, आणि त्या प्रमाणाला देशातील सुमारे 19 कोटी प्रौढांनी गुणले गेले. गुणाकारात चूक नाही. अडचण दुर्मीळ घटनांच्या मोजमापात आहे, आणि ती संशोधक डेव्हिड हेमेनवे यांनी 1997मध्ये मांडली. समजा, 5 हजारांपैकी खरोखर पाचच जणांवर असा प्रसंग आला. उरलेल्या 4,995 जणांपैकी एक टक्का लोकांनी, तीन वर्षांपूर्वीची गोष्ट गेल्या वर्षीची समजून का होईना, ‘हो’ म्हटले, तर पन्नास खोटे होकार जमा होतात. उलट बाजूने लपवाछपवी झाली तरी जास्तीत जास्त पाच होकार बुडतील. म्हणजे चूक दोन्हीकडे होऊ शकते, पण एका बाजूला तिला जवळजवळ जागाच नाही. म्हणून आकडा फुगतो, आणि तो फुगायला कोणी अप्रामाणिक असण्याची गरज पडत नाही.

विरोधकांचा आवडता आकडा संघीय गुन्हेबळी पाहणीचा, लाखाच्या आतबाहेरचा. तोही निर्दोष नाही: आपण गुन्ह्याचे बळी ठरलो असे आधी सांगणाऱ्यालाच तेथे प्रतिकाराचा प्रश्न विचारतात, आणि विचारणारे सरकार असते, बेकायदा पिस्तूल बाळगणारा त्याला खरे कशाला सांगेल, हा क्लेक यांचा आक्षेप रास्त आहे. दोन आकड्यांत वीस-तीस पटींचे अंतर असताना एकच छापणे हा वाचकाचा अपमान आहे. दोन्ही छापावेत किंवा एकही नाही. मतभेद नसलेली आकडेवारी मात्र पत्रकांत दिसत नाही: 2022मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48 हजारांहून अधिक मृत्यू झाले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. बंदूक घरात कुलूपबंद ठेवण्याच्या सूचना आणि 988 हा मदतक्रमांक शस्त्रहक्काच्या पत्रकावर शोभतो. बंदूकमालकाचे ऐकणारे कुटुंब बंदूकमालकाचेच पत्रक वाचेल.

आकड्यांनंतर अवतरणे. जेफर्सन आणि वॉशिंग्टन यांच्या नावावर खपणारी कित्येक वाक्ये त्यांच्या लेखनात सापडत नाहीत. या पत्रकांत येणारे महात्मा गांधींचे वाक्य मात्र खरे आहे. संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राजवटीचे सर्वांत काळे कृत्य ठरेल, या आशयाचे ते वाक्य आत्मचरित्रात येते. पण तेथे ते पूर्वीच्याच एका पत्रकातून घेतले आहे. 1918मध्ये खेडा जिल्ह्यात गांधी ब्रिटिश सैन्यासाठी भरतीचे आवाहन करत होते. हा कायदा रद्द व्हावा, शस्त्रे चालवायला शिकावे असे वाटत असेल तर सैन्यात या, असा तो युक्तिवाद होता. टेक्सासच्या पत्रकात पुढचा भाग कधीच येत नाही. पुढचा इतिहासही येत नाही: काँग्रेसच्या 1931च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, पण भारताच्या राज्यघटनेत तो आला नाही. तिच्या अनुच्छेद 19ने नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला. भारतात त्यामुळे अशा पदयात्रेला घटनेचे संरक्षणच नाही.

सहभागींसाठीचा कागद वेगळा असावा. त्यात रायफल पट्ट्याने पाठीला, नळी जमिनीकडे, चेंबर रिकामे, हात शस्त्रापासून दूर, या सूचना आणि मार्गाचा नकाशा असावा. पोलिसांनी थांबवले तर काय बोलावे हेही त्यातच. बघ्यांच्या पत्रकात ते आले की पदयात्रेला भांडणच हवे आहे असे दिसते. पत्रके शक्यतो निःशस्त्र व्यक्तीने, स्त्रीने असल्यास उत्तम, यात्रेच्या वीस पावले पुढे चालून वाटावीत. पाठीला रायफल असलेल्या माणसाने पुढे केलेला कागद ऐच्छिक वाटत नाही.

छापील बाजू सोपी आहे: एक घडी, मोठा टाइप, मागे स्पॅनिश, खाली संस्थेचे नाव आणि छपाईचा महिना. निनावी राहण्याची कायद्याने मुभा आहे, पण शस्त्र उघड आणि नाव झाकलेले, हे विसंगत दिसते. महिना सर्वांत महत्त्वाचा. टेक्सास विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दर विषम वर्षी भरते आणि त्यातले अनेक कायदे 1 सप्टेंबरपासून लागू होतात. त्याआधी छापलेला गठ्ठा पुन्हा तपासल्याशिवाय वाटू नये.