पुडी एक, वाटा दोन

माझ्या भाच्याकडे सापडलेला गांजा दोन-तीन सिगारेटींत संपला असता. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याच्या भाषेत ‘अल्प प्रमाण’. पण अल्प म्हणजे माफ नव्हे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याप्रमाणे एवढ्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे सगळं मला वकिलांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी पोलीस ठाण्याच्या बाकावर होतो. ताई बाहेर रिक्षात रडत होती, दाजी पायरी चढायला तयार नव्हते. अशा वेळी मामालाच पुढे व्हावं लागतं.

टेकडीवर पकडले गेले दोघं. भाचा बारावीतला, अठराला काही महिने कमी. मित्र नुकताच एकोणीस पूर्ण केलेला. पुडी एकच, वर्गणी काढून घेतलेली. वकिलांनी गांजाचं काहीच विचारलं नाही. म्हणाले, “जन्मतारखेचा कागद काय आहे?” कायदा आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पाहतो, ते नसेल तर पालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तर हाडांची तपासणी. ताईने घरून अख्खी फाईलच आणली, लसीकरणाच्या कार्डासकट.

त्या कागदाने वाटा वेगळ्या केल्या. मित्र रात्रभर कोठडीत. भाच्याला कोठडीत ठेवता येत नाही की बेडी घालता येत नाही. त्याची रवानगी निरीक्षणगृहात, आणि २४ तासांच्या आत बालन्याय मंडळापुढे. एकटा असता तर एवढ्याशा गुन्ह्यासाठी त्याच्यावर एफआयआरही झाला नसता, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून भागलं असतं. पण सोबत सज्ञान माणूस असला की एफआयआर होतो. तो झाला.

मे २०२४च्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर पुण्यात या मंडळाचं नाव काढलं की लोकांना तीनशे शब्दांचा निबंधच आठवतो. आमच्याकडेही एका काकांनी तो टोमणा मारून घेतला. प्रत्यक्षात समोर एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते होते, आणि पोरगा आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हता. जामीन लगेच मिळाला. पुढे परिविक्षा अधिकारी घरी आल्या. हातखर्चाला किती देता, घरात कोण पितं, बाप मुलाशी शेवटचं निवांत कधी बोलला? दाजींना हे दंडापेक्षा जास्त झोंबलं. शेवटी मंडळाने समज देऊन सोडलं आणि समुपदेशन लावलं, मुलाला आणि आईवडिलांनाही. “गांजा त्याने ओढला, समुपदेशन मला?” दाजी म्हणाले. मला विचाराल तर आदेशातला तोच भाग सगळ्यात शहाणपणाचा होता.

बालन्याय कायद्याच्या कलम २४ मुळे हे प्रकरण भाच्याला पुढे कुठे अपात्र ठरवणार नाही. अपिलाची मुदत संपली की कागदपत्रंही नष्ट करायची असतात. तरी वकील म्हणाले, आदेशाची प्रमाणित प्रत जपून ठेवा. अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज शिक्षा झाली नसली तरी अटकेबद्दल विचारतो, आणि दाजींचं सगळं लक्ष पोराच्या एमएसवर.

मित्राचा खटला अजून चालू आहे. नोकरीच्या पडताळणीत त्याला तो लिहावा लागतो. पुढच्या तारखेला भाचा त्याच्यासोबत कोर्टात जायचं म्हणतो. दाजी म्हणतात, त्या पोराची सावलीही नको. मी म्हटलंय, मी घेऊन जातो.