रोख कुणावर?

मृगाचा पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत आमच्या कक्षातले फोन वाजायला लागतात आणि जुलै निम्मा सरेपर्यंत थांबत नाहीत. मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत तक्रारी घेतो. बियाण्याचा धंदा या गावाला नवा नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथं महिको उभी केली, पुढं 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या मागोमाग गावात कितीतरी बियाणे कंपन्या निघाल्या. आमची त्यातलीच एक. पेरलेलं उगवलं नाही की माणूस आधी दुकानदाराला गाठतो, मग आम्हाला फोन लावतो.

आमच्या नोंदणीच्या अर्जात एक रकाना आहे : 'ग्राहकाने अपशब्द वापरले का? हो / नाही.' हो असेल तर तीन वेळा समज द्यायची आणि फोन ठेवायचा, असा नियम. सोबत शब्दांची यादी आहे. ती यादी जालन्यात बसून कुणी केलेली नाही, हे ती वाचल्यावर पाच मिनिटांत कळतं.

घनसावंगीकडचा एक शेतकरी फोनवर काय म्हणाला ते पाहा : "च्यायला, पेरून नऊ दिस झाले, पाऊस बी पडला रग्गड, शेजारच्याचं हिरवं झालं अन् माझं रान उघडं! तुमच्या मायला, थैली तर नवी कोरी फोडली होती." यादीप्रमाणं यात दोन अपशब्द झाले, तिसऱ्याला फोन बंद. पण माझ्या कामाच्या दृष्टीनं त्या माणसानं एका दमात पाच गोष्टी सांगितल्या. किती दिवस झाले, पाऊस किती, शेजारी उगवलं की नाही, रान पूर्ण मोकळं की विरळ, बियाणं घरचं की विकतचं. सोयाबीन पेरायला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो, तो झालेला होता. शेजारचं उगवलं म्हणजे ओल आणि हवामान दोघांनाही सारखंच. मग प्रश्न उरतात ते बियाण्याचे आणि खोलीचे. म्हणून मी त्याला पुढचं विचारलं : तिफणीनं पेरलं की ट्रॅक्टरनं? ट्रॅक्टरवाला घाईत असला की दाणा पाच सेंटिमीटरच्या खाली जातो आणि सोयाबीनचा कोंब वर येता येता मोडतो. त्यानं उत्तर दिलं, तेही 'च्यायला' लावूनच. ती शिवी मला नव्हती. ती कंपनीलाही नव्हती म्हणा. पेरणीत घातलेले पैसे डोळ्यांदेखत मातीत जाताना माणसाच्या तोंडून निघालेला तो श्वास होता.

याच्या नेमका उलटा फोन भोकरदनकडच्या एका बाईंचा. आवाज शांत, मला पहिल्यापासून 'दादा' म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "दादा, आम्ही काय करणार तुमचं? पण तळतळाट लागंल बरं तुमच्या कंपनीला. माझ्या लेकरांच्या तोंडचा घास हाय हा." यादीत यातला एकही शब्द नाही. अर्जावर 'अपशब्द : नाही' अशी खूण होते आणि तक्रार रांगेत मागं जाते. मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, या दोन फोनांतला जड कोणता. शिव्या देणारा अजून भांडतो आहे, म्हणजे दाद मिळेल अशी आशा त्याच्यात शिल्लक आहे. तळतळाट देणाऱ्याची आशा संपलेली असते. त्यानं आपलं गाऱ्हाणं आमच्याकडून काढून देवाकडं दिलेलं असतं. अशा फोनवर मी तांबड्या शाईनं खूण करतो आणि त्याच दिवशी माणूस शेतावर पाठवतो.

लेखी निवेदनांचंही तसंच. 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत भाषा अगदी सोवळी असते, आणि मधल्या एका ओळीत 'अन्यथा आत्मदहन करण्यात येईल' असं लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी तो निवेदनाचा साचाच झाला आहे हे खरं. पण साचा समजून ते वाक्य ओलांडून जाण्याचा हक्क मला नाही. मी त्या घरी स्वतः फोन करतो, घरातल्या दुसऱ्या माणसाशीही बोलतो आणि तालुका कृषी कार्यालयाला कळवतो.

पुण्या-मुंबईकडून आलेली नवी मुलं पहिल्या खरिपात सर्वांत जास्त दुखावतात ती अरे-तुरेनं. सत्तरीचा म्हातारा "आरं लेका, ऐक की" म्हणाला की त्यांना तो पाणउतारा वाटतो. त्यांना मी सांगतो, त्यानं तुला लेकाच्या जागी धरलं आहे. पुढं काम सोपं होतं. जुन्या जालन्यातून फोन येतो तेव्हा हिंदी येते, निजामाच्या राज्याची उर्दू तिच्यात मुरलेली असते. 'साला' तिथं स्वल्पविरामासारखा पडतो. जाफराबादचा माणूस बुलढाण्याच्या वळणानं 'काहून बे' म्हणतो, आणि तेच 'बे' अंबडच्या माणसाला टोचतं. एका जिल्ह्यात ही तऱ्हा.

मग शिवी म्हणायचं तरी कशाला? माझं उत्तर इतक्या वर्षांत पक्कं झालं आहे : रोख कुणावर आहे ते पाहा. बियाण्यावर, पावसावर, नशिबावर, कंपनीवर रोख असेल तर शब्द कितीही रांगडा असो, ती तक्रार आहे. फोन घेणाऱ्या माणसाच्या जातीवर किंवा बाईपणावर रोख असेल तर शब्द कितीही गोड असो, ती शिवी आहे.

हे मी एका प्रसंगावरून सांगतो. शुद्ध मराठी, प्रत्येक वाक्यात 'आपण', असे एक सुशिक्षित गृहस्थ फोनवर होते. माझ्या सहकाऱ्याचं आडनाव त्यांनी विचारलं, ऐकलं आणि म्हणाले, "असं होय. मग आपल्याला शेतीतलं काय कळणार म्हणा." एवढंच. यादीतला एकही शब्द नाही. तो मुलगा कृषी पदवीधर, परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकलेला, बोलता बोलता गप्प झाला. त्या दिवशी 'अपशब्द' च्या रकान्यात मी 'हो' लिहिलं आणि ते वाक्य जसंच्या तसं खाली उतरवलं. वरून विचारणा झाली, तेव्हाही मी ते खोडलं नाही. जातीवरून अपमान होतो तो काही कानाला रांगडाच लागला पाहिजे असं नाही; 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही केवळ अश्लील शब्द मोजत बसत नाही.

मुलींचा अनुभव आणखी निराळा. बाईचा आवाज ऐकला की शिव्या देत असलेला शेतकरी बहुधा थांबतो : "माफ करा ताई, डोकं फिरलंय." पण काही जण तिथंच सुरू होतात. आवाज मऊ करून 'तुम्ही कुठल्या, एकट्याच राहता का, फोन कितीपर्यंत असतो' असे प्रश्न येतात. बियाण्याचं नाव नाही. आमच्या मुलींना मी सांगून ठेवलं आहे की, इथं तीन वेळा समज द्यायची नाही, पहिल्याच वाक्याला फोन ठेवायचा. जाब विचारला तर मी देईन.

शब्दाला जागा आणि वेळ असते, हे आपल्या लोकांना कायम माहीत होतं. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. वैर कुणाच्या मनात नसतं. शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ तर राजाज्ञेचे दगड. दिलेली जमीन जो बळकावील त्याच्या आईवरून गाढवाची घाण शिवी, चित्रासकट, दानपत्राखाली कोरलेली. दप्तराच्या भाषेत शिवी बसत नाही हा समज फार अलीकडचा आहे. इंग्रजीचंही याहून वेगळं नाही. ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन खात्याच्या जाहिरातीतला 'ब्लडी' हा शब्द 2006 साली ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर आधी अडवला गेला होता. भाषा एकच, देश दोन.

2020 चा खरीप मी विसरू शकत नाही. मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. सोयाबीनची उगवणक्षमता किमान 70 टक्के असावी हा नियम आहे. शंभरातले तीस दाणे नियमानंच सोडून दिलेले. ज्याचे सत्तरच्या सत्तर उगवले नाहीत तो फोनवर काय बोलेल? त्या हंगामात यादी पाळली असती तर कित्येक फोन लॉट नंबर सांगण्याआधीच तुटले असते, आणि लॉट नंबराशिवाय तक्रारीचा माग काढता येत नाही. एकाच लॉटच्या तक्रारी एकापाठोपाठ आल्या की दोष कुठं आहे ते उघड होतं. तुटलेल्या फोनामुळं ते झाकलं जातं.

म्हणून बियाणे कंपन्यांना माझी विनंती आहे, आणि वीज, विमा, बँक यांच्या तक्रारी घेणाऱ्यांनाही. पुढच्या खरिपाच्या आत तो 'हो / नाही' चा रकाना काढा. त्या जागी दोन प्रश्न घाला : रोख कुणावर होता, आणि माणसानं आशा सोडल्यासारखं वाटलं का. यादी ठेवायचीच असेल तर ती त्या त्या जिल्ह्यातल्या माणसांना बसवून करा.

आणि शेतकरी भावा-बहिणींनो, 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे. पक्की पावती, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि मूठभर शिल्लक बियाणं पीक घरात येईपर्यंत जपून ठेवा. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी द्या, पंचनाम्याची मागणी करा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.