मुंद एनातु?

सुगी आटोपली, जोंधळा उभा राहिला की आपल्या बेळगावच्या आसपासच्या गावांना साहित्य संमेलनाचे वेध लागतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी ही नावे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पुढे लेझीम, मागे डोक्यावर कलश घेतलेल्या बायका. दारोदारी रांगोळ्या असतात आणि दुपारी मंडपात साऱ्या गावाची पंगत बसते. बाहेरगावचे पाहुणे साहित्यिक हे पाहून चकित होतात.

मी दरवर्षी यांपैकी एखाद्या तरी गावाला जाते. घरी सांगते, भाषणे ऐकायला चालले. पण खरे म्हणजे माझे पाय पुस्तकांच्या स्टॉलकडे वळतात. मराठी शिकवण्यात वीस वर्षे गेली, तेव्हा कोण काय उचलतो, काय परत ठेवतो, हे पाहण्याची खोडच लागली आहे.

गेल्या हिवाळ्यात असेच स्टॉलच्या कडेला उभी होते. स्टॉलवाले ओळखीचे. मी विचारले, “काय हालतंय यंदा?” ते म्हणाले, “ऐतिहासिक, मॅडम. कवितेला हात कोण लावतंय?” तेवढ्यात एका पटकेवाल्या आजोबांनी ‘पानिपत’ उचलले. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९८८ची. आजोबांनी ती दोनदा वाचलेली होती. घरची प्रत पाहुण्यांनी नेली ती परत आली नाही, म्हणून पुन्हा घेत होते. तीन तरुण पोरे पोलीस भरतीचे गाईड चाळत होती. आम्ही शिक्षक मंडळी अशा वेळी नाक मुरडतो. पण ज्याच्या घरची जमीन भावकीत वाटून गुंठ्यांवर आली आहे, त्याने आधी कोणते पुस्तक घ्यावे, हे सांगणारी मी कोण?

एका बाईंना भैरप्पांची ‘आवरण’ हवी होती, आणि तीही मराठीतली. “कन्नड बोलायला येतंय, वाचायला दम लागतोय,” असे त्या हसत म्हणाल्या. आपल्याकडच्या अनेक घरांचे दुखणे त्यांनी एका वाक्यात सांगितले. एस. एल. भैरप्पा २०२५ साली गेले, तेव्हा आपल्या कितीतरी मराठी घरांत आपलाच लेखक गेल्यासारखी हळहळ झाली. याचे श्रेय उमा कुलकर्णी यांना. त्या मूळच्या बेळगावच्या. ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’, ‘मंद्र’ हे सारे त्यांनी मराठीत आणले.

आमच्या घरी या ‘पर्व’वरून कायमचे भांडण आहे. सासूबाईंचे माहेर गोकाककडचे. त्यांनी ते कन्नडमध्ये वाचलेले, आणि लग्नानंतर मराठी वाचायला शिकल्यावर ‘मृत्युंजय’ही वाचलेले. त्या कुंतीच्या बाजूच्या, आमचे हे कर्णाच्या. ह्यांचे म्हणणे, शिवाजी सावंत आजऱ्याचे आणि ‘राधेय’ लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे. म्हणजे कर्ण आपल्याच मुलखातला! आजऱ्याची हिरण्यकेशी काय आणि कोवाडची ताम्रपर्णी काय, दोन्ही शेवटी घटप्रभेलाच मिळतात. त्यावर सासूबाई म्हणतात, “घटप्रभा आमच्या माहेरची.” वाद तिथेच थांबतो. २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले, तेव्हा माझ्या लेकीने ‘हार्ट लॅम्प’ इंग्रजीत वाचले आणि आजीने मूळ कन्नड कथा. मी दोघींच्या मधे बसून ऐकत होते.

असो. सांगायचे होते ते वेगळेच.

त्या दिवशी स्टॉलवर माझी एक विद्यार्थिनी भेटली. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, कधी तोंड न उघडणारी. हातात ‘स्वामी’ होती. रणजित देसाईंची ही १९६२ सालची कादंबरी आम्ही वर्गात शिकवली होती. मी म्हटले, “अगं, परीक्षा तर झाली की. आता कशाला घेतेस?”

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, “मॅडम, नोट्समध्ये रमाबाई दोनच ओळींत आहेत.”

नोट्स माझ्याच होत्या. कथानक, पात्रे, भाषाशैली, प्रत्येकी एकेक पान. मुले पुस्तक घेत नाहीत, वेळ पुरत नाही, निकाल लागला पाहिजे, अशी कारणे मी वर्षानुवर्षे स्वतःला देत आले होते. त्या दोन ओळीही मीच लिहिल्या होत्या.

मग ती मोकळेपणाने बोलू लागली. तिची आई बैलहोंगलकडची. मराठी बोलते, पण वाचता येत नाही. मैत्रिणीकडून चार दिवसांसाठी आणलेली ‘स्वामी’ ही पोर रात्री आईला मोठ्याने वाचून दाखवत होती. अडेल तिथे कन्नडमधून सांगत होती. आई भाकऱ्या थापत ऐकायची, आणि ही थांबली की विचारायची, “मुंद एनातु?” पुस्तक परत द्यायची वेळ आली तेव्हा शंभरेक पाने उरली होती. म्हणून आईनेच पैसे देऊन पाठवले होते.

मी तिला पैसे देऊ का म्हणून विचारले. ती ठामपणे नको म्हणाली. “आईनं दिलेत, मॅडम. तिचं पुस्तक आहे.”

परतीच्या बसमध्ये माझे मन भाषणांत नव्हते. १९२९, १९४६ आणि २००० साली अखिल भारतीय साहित्य संमेलन या आपल्या शहरात भरले. १८४८ सालापासून आपल्याकडे सार्वजनिक वाचनालय आहे. याचा अभिमान मी वर्गात नेहमी सांगते. पण पुढे काय झाले, हे जाणून घेण्याची जी ओढ त्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईला होती, ती माझ्या वर्गात मी किती जणांना लावली?

या सत्रापासून मी कादंबरीच्या नोट्स देणे बंद केले आहे. तासाला आधी दहा-बारा पाने वाचायची, बोलायचे नंतर. सगळे सुरळीत चालले आहे असे नाही. दोन पालक येऊन भेटून गेले, निकालाची काळजी मलाही आहे, आणि निम्मा वर्ग अजून खिडकीबाहेर बघतो. मात्र परवा घंटा झाली आणि मी पुस्तक मिटले, तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणाले, “मुंद एनातु?” सगळा वर्ग हसला. मी पुस्तक उघडून आणखी अर्धे पान वाचले, आणि पुढच्या तासाच्या सरांना दारात थांबावे लागले.