फुटामागे एक सूत

नळसामानाच्या दुकानदाराने हाती दिलेल्या पावतीवर तिसऱ्या ओळीत ‘नहानी ट्रॅप – १’ असे लिहिले होते. न्हाणीघरातले सांडपाणी जमिनीतून जिथे नळीत उतरते, तिथे बसवायचे हे भांडे. त्याच्या पोटात थोडे पाणी सदैव अडून राहते आणि ते पाणीच गटाराची दुर्गंधी वर येऊ देत नाही. स्थापत्यशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांतही त्याला ह्याच नावाने ओळखतात. आमच्या घरातून ‘न्हाणी’ हा शब्द केव्हाच गेला. तीस वर्षे मराठी शिकवून मीही ‘बाथरूम’च म्हणतो. बोलण्यातून हद्दपार झालेला शब्द फरशीखाली असा टिकून राहिलेला पाहून मला मौज वाटली. त्या महिन्यात परवडण्याजोगी तेवढी एकच मौज होती.

पुण्यातली आमची इमारत १९८६ सालची. न्हाणीघर चार फूट बाय सहा फूट. गेल्या पावसाळ्यात एक्याऐंशी वर्षांची आई तिथल्या गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर घसरली आणि मनगट मोडून बसली. त्याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या काकांनी आपल्या छतावरची ओल दाखवायला मला बोलावले. कंत्राटदाराचा अंदाज निघाला ब्याऐंशी हजारांचा. माझ्याजवळ होते पंचेचाळीस हजार. मग सामान स्वतः आणायचे आणि मजुरी रोजावर द्यायची, असे ठरले.

अशा कामात पैसा जातो तो न दिसणाऱ्या गोष्टींवर, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले. जुनी फरशी फोडणे, राडारोडा गोणींत भरून तीन जिने उतरवणे, गंजलेले लोखंडी नळ काढून नवे पाइप घालणे, विटांच्या तुकड्यांचा कोबा. कोबा झाल्यावर तोंड बुजवून दोन दिवस पाणी भरून ठेवले. सकाळ-संध्याकाळ मी खालच्या काकांकडे जाऊन मान वर करून उभा राहत असे. उत्तरपत्रिका तपासतानाही मी कधी इतके बारकाईने पाहिले नसेल. छत कोरडे राहिले तेव्हा निम्म्याहून अधिक रक्कम संपली होती आणि डोळ्यांना दिसेल असे काहीही झालेले नव्हते.

मिस्त्रींची भाषा मात्र ऐकत राहावी अशी. ओळंबा, गुण्या, थापी. ढाळ किती ठेवणार, असे विचारले तर म्हणाले, “फुटाला एक सूत, सर.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याहून कमी ठेवला तर पाणी साचते, फार वाढवला तर पाट डुगडुगतो. हे दुसरे कारण त्यांनी सहज सांगितले आणि मी ते सहजच कानांआड केले.

जमिनीसाठी खरबरीत फरशी घ्यायची, त्यात काटकसर नाही, एवढे ठरलेले होते. भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल्स लावायचा माझा बेत आईने मोडला. “मी खाली बसून आंघोळ करते. पाणी चार फुटांच्या वर उडतंय कुठे? वरच्या फरश्या कोणासाठी?” चार फुटांवर थांबलो, वर रंग दिला आणि साडेचार हजार वाचले. टाइल्सही दुकानात उरलेल्या, मोजून तेवढ्याच मिळाल्या.

वाचलेल्या पैशांतून मी आईसाठी स्टीलची आधाराची दांडी घेतली. माहितीपत्रकातल्या चित्राप्रमाणे ती कमरेच्या उंचीवर बसवून घेतली आणि स्वतःवर खूश झालो. चौथ्या दिवशी नवा नळ हलू लागला. प्लंबरवर मी मनसोक्त चिडलो. मग आईला विचारले.

“दांडी छान आहे रे,” ती म्हणाली, “पण ती उभ्या माणसासाठी आहे. मला उठायचं असतं.”

ती नळाला धरून उठत होती. माझे पैसे वाया गेले असे मला वाटू नये, म्हणून चार दिवस बोलली नव्हती. स्टूल तिने आधीच नाकारले होते. उंच बसले की वाकून बादलीतून तांब्या भरता येत नाही. तिच्या पाटाला जागा राहील का, एवढे मात्र तिने कामापूर्वी दोनदा विचारले होते. ‘राहील’ म्हणून मी पुढच्या हिशेबाला लागलो होतो. मिस्त्रींना तो पाट ढाळ काढतानाही दिसत होता.

दुपारी ती झोपल्यावर मी दार लावून, कपड्यांनिशी, कोरड्या फरशीवर पाट मांडून बसलो. एक हात, तिचा दुखरा, मांडीवर ठेवला आणि उठून पाहिले. हात आपोआप गेला तो दांडीच्या बराच खाली, गुडघ्याच्या जरा वर. तिथे पेन्सिलीने खूण केली.

दुसरी, आखूड दांडी आणली. भोक पाडताना एक टाइल तडकली. तशी दुसरी मिळणार नव्हतीच; तडा पांढऱ्या सिमेंटने भरला, तरी दिसतो. वरची दांडी काढली तर आणखी दोन भोके उघडी पडली असती, म्हणून ती तशीच राहू दिली. आई तिच्यावर पंचा वाळत घालते.