बारडोलीच्या वाटेवर जुनी डॉज

सुरतेहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग कडोदरा ओलांडून उसाच्या मळ्यांत शिरला, की बारडोली जवळ आली असे समजावे. आम्हां बडोदेकरांना हे गाव ठाऊक ते सरदार पटेलांच्या सत्याग्रहामुळे. गेल्या हिवाळ्यात मात्र तेथे जाण्याचे निमित्त निराळे होते. आमच्या तीर्थरूपांची १९५४ ची डॉज किंग्जवे घेऊन आम्ही एका स्नेह्यांकडे निघालो होतो. गाडीला नवा झगझगीत रंग देऊन डिझेल इंजिन बसवावे, की आहे तशीच ठेवावी, यावरून घरात दोन तट पडले होते. स्नेही अमेरिकेत अनेक वर्षे राहून गावी परतलेले, जुन्या मोटारींचे जाणकार. त्यांचा निवाडा उभयपक्षी मान्य होता.

ज्या १९२८ साली बारडोलीचे शेतकरी सारावाढीविरुद्ध उभे राहिले, त्याच साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारींच्या जुळणीचा कारखाना काढला. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावे तीन. अंगकाठी बहुतेक एकच. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने येथील जुळणी थांबवली, आयातीवरील निर्बंधही कडक झाले. १९७३ नंतर पेट्रोल भडकले, तेव्हा अशा कित्येक गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिने गेली. मूळ स्थितीतील अमेरिकन गाडी आपल्याकडे दुर्मीळ झाली ती अशी.

स्नेह्यांनी चहाही न घेता बॉनेट उघडले. सहा सिलिंडरांचे मूळ इंजिन, सहा व्होल्टची वीजजोडणी, आसनाखाली न विटलेले जुने कापड, सारे त्यांनी निरखून पाहिले. दाराच्या कडेला रंग झिजून पत्रा दिसत होता. वडील खिडकीवर कोपर टेकवून गाडी हाकीत, त्याची ती खूण. तेथे बोट ठेवून ते म्हणाले, "रहेवा दो! रंग केव्हाही देता येईल. कारखान्यातला रंग मात्र पुन्हा मिळायचा नाही."

अमेरिकेतील शौकीन अशा न रंगवलेल्या गाडीला फार मानतात. कॅलिफोर्नियात पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या प्रदर्शनात जतन केलेल्या गाड्यांचा स्वतंत्र वर्गच असतो. आपल्याकडेही २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, सांगाडा, साचा व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. डिझेल इंजिन बसवले असते, तर ते दार आम्ही आपल्याच हाताने लावून घेतले असते.

परतण्यापूर्वी आम्ही स्वराज आश्रमात गेलो. सरकारने केलेली २२ टक्क्यांची वाढ चौकशीअंती सुमारे ६ टक्क्यांवर आली, हा इतिहास मुलांना सांगितला. जेथे सरदार राहिले, तेथे त्यांच्या साधेपणाला साजेल असेच सारे वाटले. उगाच नटवावे असे कोणालाही वाटले नाही. आमचे कनिष्ठ बंधू, रंगाचे खंदे पुरस्कर्ते, तेथे बराच वेळ गप्प उभे होते.

बडोद्यास आल्यावर ब्रेकच्या रबरी नळ्या आणि टायर तेवढे बदलले; जिवाशी खेळ नको. काढलेल्या नळ्या मात्र बंधूंनी चिठ्ठी लावून डब्यात जपून ठेवल्या आहेत. दाराची कड अजून तशीच आहे.